कांचपेटींतील पाणी

दिवाणखान्यांत कांचेची पेटी ठेवून तींत रंगीत मासे पाळण्याचा छंद आतां पुष्कळ घरीं दिसतो. छंद चांगला, परंतु दर रविवारीं सगळें पाणी ओतून, तळाचे खडे घासून, पेटी पुन्हां नळाच्या पाण्यानें भरण्याची जी रीत पडली आहे ती माशांच्या जिवावर उठणारी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पाणी आरशासारखें दिसलें म्हणजे तें माशांस मानवेलच असें नाहीं. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडीत असतो. उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. हा अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं, आणि पाणी उष्ण व अल्कधर्मी असेल तर त्याचें विष अधिकच चढतें. खडे व गाळणीचा स्पंज यांवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग पुष्कळच सौम्य असें नायट्रेट बनवितात. नायट्राइटही विषारीच, म्हणून दोन्ही जातींचे जंतु हवेत. नव्या पेटींत त्यांची वस्ती जमण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. हौशी गृहस्थ मात्र पेटी आणल्या संध्याकाळींच दहा मासे सोडतात, ते मेले म्हणजे दुकानदारास बोल लावतात, आणि उरलेल्यांकरितां पेटी आणखीच घासतात! नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंस मारक व कल्ल्यांस दाहक असतो, हें त्यांच्या ध्यानींही येत नाहीं.

१८५० च्या सुमारास लंडन येथील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं बारा गॅलनांच्या पात्रांत दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नांवाचें पाणगवत व कुजकीं पानें खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून पाण्याचा मेळ राखला. एवढ्या पाण्यांत मासे दोनच!

आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणें पुरे. नवें पाणी क्लोरीन-नाशक औषध घालून मगच ओतावें. स्पंज धुवावयाचा तर पेटींतून काढलेल्याच पाण्यांत हलकेच पिळावा. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. मासा नेहमींच भुकेला दिसतो, त्यास भुलूं नये.

राहिली ती गोल बरणी. तींत ना गाळणीस जागा, ना जंतूंस. गोल्डफिशकरितां ती कोणीं विकूंच नये, असें आम्हांस वाटतें. ज्या विद्यार्थ्यांस ती भेट मिळाली असेल त्यांनीं तींत खुशाल पाणगवत लावावें, आणि मासा मोठ्या पेटींत हलवावा.