बिबट्याचे शेजारी

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे; भोवती मुंबई-ठाण्याची दाटी. २०११मध्ये वन विभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. विद्या अत्रेय यांच्यासारखे संशोधक आणि स्वयंसेवक वस्त्यांत, सोसायट्यांत जाऊन सांगू लागले: कचरा साठला की भटकी कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्याला पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही, उलट चिघळतो.

उद्यानातल्या वृक्षारोपणाला फोटोपुरती गर्दी जमतेच. हारतुरेही असतात!

पण उद्यानाला खरी गरज आहे ती आपल्या गल्लीतल्या कचराकुंडीवर वर्षभर लक्ष ठेवणाऱ्यांची. वन विभागाने अशा स्वयंसेवकांना प्रभागनिहाय जबाबदारी द्यावी आणि महापालिकेने त्यांच्या तक्रारीवर त्याच दिवशी कचरागाडी पाठवावी.