मुद्दलच मोडले तर व्याज कोठून?

हवामानबदलाचा विषय निघाला की धूर ओकणाऱ्या चिमण्या आणि मोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. उजाड झालेली वने क्वचितच आठवतात. वस्तुतः मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या जागतिक उत्सर्जनातील सुमारे दहावा हिस्सा वनतोड व जमिनीच्या बदलत्या वापरातून येतो.

यामागील हिशेब सरळ आहे. वृक्ष हवेतील कर्बवायू शोषून त्यातील कर्ब खोडात, फांद्यांत व मुळांत साठवतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कर्बाचाच असतो. जंगल तोडून जाळले की अनेक दशकांची ही ठेव मुदतीपूर्वीच मोडते आणि कर्ब हवेत परततो. पुढे कर्ब शोषणारे वृक्षही उरत नाहीत; मुद्दलाबरोबर व्याजही बुडते. शिवाय पानांतून बाष्प सोडून पावसाला हातभार लावण्याचे कार्य थांबते, ते वेगळेच.

या संदर्भात ब्राझीलचा अनुभव उद्‌बोधक आहे. तेथील ॲमेझॉन क्षेत्रात २००४ या एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल नष्ट झाले. उपग्रहांद्वारे देखरेख, संरक्षित क्षेत्रांत वाढ आणि दंडात्मक कारवाई यांमुळे २०१२ पर्यंत हे प्रमाण साडेचार हजारांच्या आसपास आले. या उपायांत पतपुरवठ्याचाही वाटा होता. २००८ मध्ये त्या क्षेत्रातील शेतीकर्जासाठी जमिनीच्या हक्काची व पर्यावरणविषयक नियमपालनाची कागदपत्रे आवश्यक ठरविण्यात आली. लहान शेतकऱ्यांना अटींत सवलत होती. पुढे अंमलबजावणी सैल होताच २०२१ मध्ये आकडा १३ हजारांवर गेला. २०२३ व २०२४ मध्ये तो पुन्हा लक्षणीय घटला.

वनरक्षण हे बँकेचे काम नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तथापि पीककर्जाची परतफेड अखेर पावसावरच अवलंबून असते. पाऊस बेभरवशाचा झाला तर उत्तमातले उत्तम तारणही दुबळे ठरते. म्हणून कर्जदाराची पत पाहताना प्रकल्पाची जमीन कोठून आली, हेही पाहिले जाणे हिताचे आहे.

भारतात वनजमीन वळविल्यास भरपाई म्हणून वृक्षलागवड करावी लागते. त्या निधीसाठी २०१६ चा कायदाही आहे. परंतु एकाच जातीची रोपे म्हणजे जुने जंगल नव्हे. रोपाचा वृक्ष होण्यास दशके लागतात आणि हवेत गेलेला कर्ब तोवर थांबत नाही. नवी ठेव अवश्य ठेवावी. मात्र जुनी मोडून नव्हे.