डंपर घाईने उलटतो, नशिबाने नव्हे



तलावाचा गाळ कोरडवाहू रानात टाका, असे आम्हीही सांगतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 साली आली, तेव्हापासून डंपर आणि ट्रॉल्या शिवारात फिरू लागल्या. पण गाळ ओतताना गाडी कलंडली, की ठेकेदाराचे उत्तर ठरलेले: ड्रायव्हरची चूक, नाहीतर नशीब! आम्हाला हे मान्य नाही.

ओला गाळ हौद्याच्या पुढच्या टोकाला चिकटतो. हौदा वर गेला की सारा भार उंचावर जातो. काळी जमीन एका चाकाखाली खचली, की गाडी त्याच अंगावर जाते. एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या फुग्यांवरची गाडी असेल तर धोका आणखी वाढतो. खचलेल्या बाजूचा फुगा दबतो आणि गाडी डोलते. म्हणून हौदा उचलण्याआधी फुग्यांतली हवा सोडून गाडी खाली बसवावी लागते. त्याला वेळ लागतो. खेपेवर पैसे मोजणारा ठेकेदार नेमका तोच वेळ कापतो. मरतो मात्र ड्रायव्हर, नाहीतर शेजारी उभा शेतकरी.

तेव्हा गावाने ठरवावे. हौदा सपाट, टणक जागीच उचलायचा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली सरळ रेषेत हवी. वर विजेची तार नको, बाजूला माणूस नको. चिकटलेला गाळ हिसके देऊन पाडायचा नाही. हौदा खाली घ्यायचा. रान ओले असेल तर गाळ वाटेकडेच्या टणक जागी उतरवायचा. आणि गाडी रिकामी करण्याचा वेळ खेपेच्या दरात धरायचा.

ठेकेदार नाही म्हणाला, तर त्याची गाडी शिवारात शिरू देऊ नका. जिवावर बेतणारी स्वस्त खेप आम्हाला नको!