झटक्यानंतर पायांकडेही पाहावे

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, की घरातील चिंता बहुधा छातीपुरतीच उरते. ईसीजी आणि टूडी एकोचे कागद जपून ठेवले जातात. रुग्ण चालताना मध्येच का थांबतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. ‘वय झाले’ हे उत्तर रुग्णाला सोयीचे असते आणि घरच्यांनाही.

ज्या प्रक्रियेने हृदयाची धमनी चरबीच्या थरांमुळे अरुंद झाली, तीच मानेतील, मूत्रपिंडाच्या किंवा पायांच्या धमन्यांतही चालू असू शकते. तशी ती असेल, तर पुढील वाटचाल अधिक जोखमीची असते. ‘रीच’ या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे एका वर्षाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, किंवा अशा विकारासाठी रुग्णालयात दाखल होणे, यांचे एकत्रित प्रमाण शरीराच्या एकाच भागातील धमन्या बाधित असलेल्यांत सुमारे १३ टक्के होते. दोन भाग बाधित असता २१ आणि तीन असता २६ टक्के. हे आकडे समूहाचे आहेत. आपल्या वडिलांचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही. उपचार किती नेटाने करायचे, हे ठरवण्यास मात्र ते उपयोगी पडतात.

पायांचा विकार ओळखण्याची खूण साधी आहे. ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, दुखते. उभे राहिले की काही मिनिटांत थांबते. रात्री अंथरुणात येणारा गोळा निराळा. यात एक फसगतही असते. पायच पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे हृदयावर ताण पडत नाही, छातीत दुखत नाही आणि ‘हृदय आता ठीक आहे’ असा समज होतो. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पोटरीही तक्रार करीत नाही. बोटावरची न भरणारी जखम हीच पहिली खूण ठरते.

याची प्राथमिक तपासणी सुईविना होते. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास पायांच्या धमन्या अरुंद झाल्याचे समजतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा असू शकतो. तेव्हा डॉपलर तपासणी लागते.

उपचारांत सर्वांत मोठी चूक औषधे सोडण्याची. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आले’ म्हणून स्टॅटिन बंद केले जाते. वास्तविक ते गोळीमुळेच नॉर्मल आलेले असते. अशा रुग्णांत एलडीएल ५५ च्या खाली ठेवण्याचा सल्ला दिला जातो. प्रयोगशाळेच्या कागदावरील सर्वसाधारण मर्यादा त्यांच्यासाठी नव्हे. काही निवडक रुग्णांना ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध अल्प मात्रेत देतात. त्याने धोका घटतो, पण रक्तस्रावाची शक्यता वाढते. म्हणून तो निर्णय डॉक्टरांचाच. तंबाखू सुटलीच पाहिजे, आणि आजीची मिश्री हीदेखील तंबाखूच आहे, हे घरोघरी विसरले जाते.

डॉक्टरांच्या संमतीने चालण्याचा व्यायाम हे पायांचे खरे औषध. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. काही आठवड्यांत अंतर वाढू लागते. छातीत दडपण आले, तर मात्र तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजल्याचे कळतही नाही. पाय अचानक थंड, पांढरा पडून तीव्र दुखू लागला, किंवा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर ते क्षणात ओसरले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

पुढच्या भेटीस जाताना किती पावलांवर थांबावे लागते, ते लिहून न्यावे, आणि डॉक्टरांसमोर मोजे काढून बसावे.