अंगणातली रुग्ण

दापोडे येथील एका वाचक भगिनींचे पत्र महिन्यापूर्वी आले. पत्रात प्रश्न माणसाच्या प्रकृतीचा नव्हता. घरातली तांबडी कोंबडी पंधरा दिवसांपासून लंगडते आहे, सासूबाईंनी हळद-तेल लावून फडके बांधले, तरी पाय टेकत नाही. गुरांचा डॉक्टर कोंबडीसाठी कोण बोलावणार, असे घरची पुरुषमंडळी म्हणतात. आणि दहा वर्षांची नात जेवताना रडते. शेवटी एक वाक्य होते: ‘कापून टाका म्हणणारे तीन, वाचवा म्हणणाऱ्या दोघी, आपण काय सांगता?’

वाचकहो, मी माणसांची डॉक्टर आहे, पक्ष्यांची नव्हे. पुढे जे लिहिते आहे, ते एका पशुवैद्यक स्नेह्यांकडून तपासून घेतले आहे. पाक्षिकातून उत्तर देण्याइतका वेळ त्या पायाला नसावा, अशी शंका आल्यामुळे मी त्या भगिनींना दूरध्वनी केला आणि पायाचे छायाचित्र मागवले. फडके सोडायला लावले. मधल्या बोटाच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ होती आणि तिच्या पुढचे बोट जांभळे, सुजलेले. ती रेघ म्हणजे दोरा होता.

आपल्यापैकी ज्यांनी भिवंडी पाहिली आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. शहर यंत्रमागांचे. माणकोली, दापोडे या पट्ट्यात जिथे भाताची खाचरे होती, तिथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मागावरचे वाया गेलेले सूत, पोत्यांच्या तोंडाची उसवलेली शिवण, खोक्यांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, हे सारे वाऱ्याने अंगणापर्यंत येते. कोंबडी दिवसभर पायांनी माती उकरते. उकरताना दोरा बोटांत अडकतो आणि प्रत्येक फटकाऱ्यासरशी आवळत जातो. सुती दोरा निदान कधीतरी कुजतो; पॉलिएस्टरचा कुजत नाही. तो खवल्यांच्या खाली रुतला की वरून दिसतही नाही, रक्तप्रवाह मात्र थांबतो. शहरातल्या कबुतरांची बोटे झडलेली आपण पाहिली असतील. त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणून कोंबडी लंगडताना दिसली, तर लेप शोधण्याआधी तिला मांडीवर घ्या. पंख अंगाशी धरून टॉवेलात गुंडाळले की ती शांत होते. चांगल्या उजेडात, वय झाले असेल तर चष्मा लावून, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहा. निरोगी पाय हाच आपला नकाशा. बोटांच्या बेचक्यांत दोरा आहे का? तळव्यावर काळी, कडक खपली आहे का? तशी असेल, तर आत पू साठलेला असू शकतो. सिमेंटच्या अंगणात उंचावरून उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यांना हा विकार अधिक होतो. नडगीवरचे खवले उचकटलेले, खडबडीत दिसले, तर खाली खरजेचे सूक्ष्म कीटक असतात. पोट ताठ, शेपटी खाली, चालणे उभट आणि फेंगडे असेल, तर दुखणे पायाचे नसून अडकलेल्या अंड्याचे असण्याचा संभव आहे. आणि काही महिन्यांची तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली असेल, तर मन घट्ट करावे लागते. ते मारेकच्या रोगाचे लक्षण असू शकते. त्याला औषध नाही. पिल्लू एक दिवसाचे असताना द्यावयाची लस तेवढी आहे.

आपल्या रुग्णाकडे परत येऊ. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवून त्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवायला मी सांगितले. मळ आणि खपली सैल झाली, तशी दोऱ्याची दोन टोके दिसू लागली. दोरा ओढायचा नसतो, कापायचा असतो. ओढला तर तो मांस चिरत जातो. पण येथे तो खोल रुतलेला होता आणि सासूबाईंचा हात थरथरत होता. अशा वेळी थांबणे हेच शहाणपण. त्यांनी पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या निःशुल्क क्रमांकावर विचारणा केली, आणि दुसऱ्या दिवशी कोंबडीला टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तिथे कोणी हसले नाही, हे त्यांनी मला आवर्जून कळवले. दोरा निघाला. बोट मात्र पुढच्या आठवड्यात काळे पडून वाळले आणि डॉक्टरांनी ते काढून टाकले. फडके बांधलेले पंधरा दिवस वाचले असते, तर कदाचित बोटही वाचले असते. हळदीचा मला राग नाही. पण दाट लेपाखाली जखम दिसेनाशी होते, आणि न दिसणारी जखम सुधारते आहे की चिघळते आहे, हे कोणालाच कळत नाही.

यापुढचे सारे शुश्रूषेचे काम. आजारी कोंबडीला वेगळे ठेवावे, पण नजरेआड नव्हे. कोंबड्यांच्या समाजात कोणी कोणाला टोचावे याची ठाम उतरंड असते. नॉर्वेचे थोर्लाइफ शेल्डरुप-एबे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी ती प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली, आणि त्यांना या निरीक्षणाचा नाद बालपणीच लागला होता. (दापोड्याच्या नातीला हे मी मुद्दाम सांगितले.) लंगडी कोंबडी उतरंडीच्या तळाशी जाते, तिच्या लाल जखमेवर इतर चोची मारतात, आणि आठवडाभर दिसेनाशी झाली, तर परतल्यावर तिला परकी समजतात. म्हणून डालग्याखाली किंवा जाळीच्या खोक्यात, भाताचा कोरडा पेंढा घालून, इतरांना दिसेल असे ठेवा. पेंढा रोज बदला. जखमेवर माश्या बसू देऊ नका; पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात.

अंगाला हात लावून ‘तापली आहे’ असे ठरवू नका. कोंबडीचे स्वाभाविक तापमानच सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. आपल्या हाताला ती नेहमीच तापलेली लागणार. त्यापेक्षा खाणे, पाणी आणि विष्ठा पाहा. विष्ठेवरचा पांढरा थर स्वाभाविक आहे. हिरवी, पाण्यासारखी विष्ठा नाही. रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे. पाणी पीत नसेल, तर चोचीच्या कडेला थेंब लावा, ती गिळते. चोच उघडून पाणी ओतणे घातक आहे, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. भिजवलेली कणी, नाचणी, थोडे उकडलेले अंडे तिला रुचते.

घरातली वेदनाशामक गोळी चुरून देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृत शरीर खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते बाधते.

आता घरच्या माणसांविषयी, कारण हे सदर त्यांच्यासाठीच आहे. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाय बुडवायचे भांडे स्वयंपाकघरातले नको. हात साबणाने धुवा, मुलांना कोंबडीचा पापा घेऊ देऊ नका, पाच वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना या कामापासून दूर ठेवा. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: एक कोंबडी लंगडणे वेगळे, अनेक कोंबड्या एकाएकी मरणे वेगळे. डोके सुजलेले, तुरा निळसर, माना मुरडलेल्या, असे दिसले तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. ती मानमोडी असू शकते, म्हणजेच राणीखेत; अथवा बर्ड फ्लू. देशात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो 2006 साली आपल्याच नवापुरात, आणि 2022 च्या फेब्रुवारीत तो ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील वेहळोलीस आला होता. तेथे शुश्रूषेला जागा नसते.

प्रत्येक कोंबडी वाचवावी, असे मी म्हणणार नाही. जी खात नाही, उठत नाही, जिला वेदनेपलीकडे काही उरलेले नाही, तिच्याबाबत पशुवैद्यकांचा निर्णय ऐकावा आणि तो मुलांपासून लपवू नये. ‘कापून टाका’ म्हणणारे सगळेच निर्दय नसतात, हेही मला त्या नातीला सांगावे लागले. तिला ते पटले असे वाटत नाही.

गेल्या आठवड्यात दापोड्याहून पुन्हा दूरध्वनी आला. कोंबडी तीन बोटांवर चालते. उंच दांडीवर चढता येत नाही, म्हणून नातीने दोन विटांवर फळी ठेवली आहे. सासूबाई संध्याकाळी अंगण झाडल्यावर वाकून दोरे वेचतात आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकतात. परवा कोंबडीने अंडे घातले. ते खावे का, हा त्यांचा प्रश्न. जखमेसाठी प्रतिजैविक चालू होते, त्याचा अंश अंड्यात उतरतो. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते अंडे कोणी खायचे नाही, दुसऱ्या कोंबड्यांनाही घालायचे नाही. त्यांनी मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे, असे म्हणाल्या.