विश्लेषण : तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदी... हावेल यांना सत्ता पेलली का?

१९८९च्या मे महिन्यात नाटककार वाक्लाव हावेल तुरुंगातून सुटले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना एकमताने निवडणाऱ्या संसदेत बहुमत होते कम्युनिस्टांचेच!

सत्तेला त्यांची भीती का वाटली?

हावेल यांचा जन्म १९३६ मध्ये धनाढ्य घरातला. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. मालमत्ता गेली आणि उच्चशिक्षणाच्या वाटाही रोखल्या गेल्या. प्रयोगशाळेत मदतनीस, नाट्यगृहात रंगमंच कामगार असे करत ते नाटककार झाले. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, पाठोपाठ त्यांच्या नाटकांवर बंदी आली. १९७४ मध्ये हा नामवंत लेखक बिअरच्या कारखान्यात मजुरी करत होता.

‘सनद ७७’मध्ये क्रांतीची भाषा नव्हतीच. हेलसिंकी करारावर सही करून मानवी हक्कांचे जे वचन दिलेत ते पाळा, एवढेच तिचे म्हणणे. तेवढ्यानेही सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. हावेल यांना १९७९ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

त्याआधी लिहिलेल्या निबंधात त्यांनी एका भाजीवाल्याचे उदाहरण दिले. तो दुकानात कामगारांच्या एकजुटीची पाटी लावतो, ती कामगारप्रेमापोटी नव्हे. न लावल्यास मागे शुक्लकाष्ठ लागेल म्हणून. अशा कोट्यवधी निमूट पाट्यांवर राजवट उभी असते. पाटी काढणारा एकटा माणूस तिला का खुपतो, हे यातून कळते.

आणि सत्तेत आल्यावर?

इथे हिशेब सोपा नाही. १९९०च्या पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलेल्या माफीमुळे २० हजारांहून अधिक कैदी सुटले. तुरुंग भोगलेल्या माणसाचे हे औदार्य. पण गुन्हे वाढल्याचा ठपका त्यांच्यावरच आला. चेक आणि स्लोव्हाक वेगळे व्हायचे तर सार्वमत घ्या, हा त्यांचा आग्रह. वाक्लाव क्लाउस आणि व्लादिमिर मेचियार या दोन पंतप्रधानांनी मात्र फाळणी आपसात ठरवली. जुलै १९९२ मध्ये हावेल यांनी राजीनामा दिला. नैतिक वजन होते, पक्ष नव्हता. पक्षीय राजकारणाचा त्यांना असलेला तिटकारा इथे महाग पडला.

१९९३ मध्ये ते नव्या चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झाले. भारताने त्यांना २००३चा गांधी शांतता पुरस्कार दिला. मुदत संपताच, त्याच वर्षी फेब्रुवारीत, ते पायउतार झाले. त्यांच्या जागी आले क्लाउसच.