‘दुपारी घरातच थांबा’ म्हणता साहेब, पण कोणत्या घरात?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

एप्रिल लागला की नगर परिषदेची गाडी भोंगा लावून गावभर फिरते. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. मीही गेली १८ वर्षं हीच बातमी दर उन्हाळ्यात पाठवतो. मागच्या वर्षीची उघडायची, तारीख बदलायची, पाठवून द्यायची. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

परवा पाण्याच्या बातमीसाठी रेल्वे लाईनच्या पलीकडे घरकुलांच्या वस्तीत गेलो होतो. दुपारचे दोन. एक आजी घराबाहेर कडुनिंबाखाली खाटेवर पडल्या होत्या. मी शहाणपणा केला, म्हटलं, ‘‘आजी, आत जाऊन पडा ना, ऊन लागंल.’’ आजी उठल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘‘आत काय मराले जाऊ का बाप्पा? भट्टी हाय ते.’’

आत गेलो. वर टिनं, टिनांखाली काहीच नाही, खिडकी एक आणि तीही पश्चिमेला. माझ्याकडे शंभर-दीडशे रुपयांचा साधा थर्मामीटर असतो. कडुनिंबाखाली ४२, आत ४५. ज्या घरात थांबायला सरकार सांगतं, ते घर अंगणापेक्षा तीन अंशांनी जास्त तापलेलं. आणि हे घर सरकारच्याच पैशातून बांधलेलं.

राजेहो, आपली गोची इथे आहे. पाणपोया वाढवल्या, दवाखान्यात उष्माघात कक्ष उघडला, शाळा सकाळच्या केल्या. सगळं चांगलंच आहे. पण माणूस दिवसाचे अठरा तास ज्या छताखाली असतो, त्या छताबद्दल कोणी एक अक्षर काढत नाही.

आधी माझीच चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार लोकांना शिकवतो. वडिलांचं घर मातीच्या भिंतींचं, कवेलूंचं होतं. भिंत हातभर जाड, समोर छपरी. २०१४ मध्ये मी ते पाडलं आणि स्लॅबचं घर बांधलं. कारणं खरी होती, उगाच जुन्याचे गोडवे गाणार नाही. दरवर्षी कवेलू फेरावे लागायचे, फेरणारा माणूस मिळेना झाला. वानरं टोळीने येऊन कवेलू फोडायची. विंचू निघायचे. आणि खरं सांगायचं तर सोयरीक जुळवताना लोक आधी विचारतात, ‘‘स्लॅब हाय का?’’ म्हणून स्लॅब टाकला. खर्च वाचवायला पश्चिमेच्या भिंतीला छपरी ठेवली नाही, खिडक्यांवरचे सज्जेही वीतभर काढले. मिस्त्री म्हणाला चालते, मी म्हटलं चालते.

पहिल्याच मे महिन्यात कळलं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री आपल्या अंगावर ओकतं. बाहेर वारा गार झालेला असतो तेव्हा, म्हणजे रात्री आठ ते अकराच्या सुमारास, खोली सगळ्यात जास्त तापलेली असते. पंखा फिरतो तो छताखालचीच गरम हवा खाली ढकलतो. मग कूलर. कूलरला पाणी हवं, आणि उन्हाळ्यात नळ तीन दिवसांआड. शेवटी हप्त्यावर एसी घेतला. रात्री सगळ्या गल्लीचे एसी एकदम सुरू झाले की डीपी उडते, मग आपण महावितरणच्या वायरमनला शिव्या घालतो. शिव्या थोड्या आपल्या स्लॅबलाही घालायला पाहिजेत.

बिलाचं गणित पण बघून ठेवा. १०० युनिटच्या आत एक दर, १०१ ते ३०० मध्ये जवळपास दुप्पट, ३०० च्या वर आणखी. तापलेल्या छताखाली एसी लावणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या बादलीत पाणी भरणं. आणि भोकावर बोळा लावायचं सोडून आपण मोठी मोटर आणतो, एक टनाचा दीड टन करतो.

गेल्या वर्षी मी गच्चीवर चुना मारला. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळला, चिकटपणासाठी त्यात फेविकॉल टाकला, सकाळी सकाळी दोन हात. ७०० चौरस फूट गच्ची, मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम. रात्री नऊ वाजता झोपायच्या खोलीत ३८ च्या वर असायचे, ते ३५ वर आले. हे माझं घरगुती माप आहे, प्रयोगशाळेचं नाही. पण मे महिन्याचं बिल ३४० युनिटचं २७० वर आलं, ते तर मीटरचंच माप आहे ना!

यात जादू काही नाही. काळपट छत ऊन शोषतं, पांढरं छत परत फेकतं. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून झाडावं लागतं. पावसात चुना धुऊन जातो, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मारायचा. (मारताना डोळ्यांवर चष्मा ठेवा. चुना डोळ्यात गेला तर आयुष्याचं नुकसान होते.) टिनावर चुना टिकत नाही, तिथे बाहेरून पांढरा ऑइलपेंट आणि आतून टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या. त्या मधल्या हवेचंच खरं काम असतं. थर्माकोलचं सिलिंग मात्र चुलीच्या घरात लावू नका, पेट घेतलं तर बाहेर निघायला वेळ मिळत नाही.

नवं बांधणाऱ्यांसाठी तर कितीतरी आहे. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून, मधे पोकळी सोडून भिंती बांधल्या. विटा सुमारे पाव भागाने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. त्यांच्या स्लॅबमध्ये खालच्या बाजूला सिमेंटऐवजी कवेलू घातलेले असायचे. इतक्या लांबही जायला नको. सेवाग्रामची बापू कुटी आपल्याच जिल्ह्यात आहे. पाहुणे आले की आपण त्यांना ती दाखवतो, आत गेल्यावर ‘‘किती गार आहे’’ म्हणतो, आणि घरी येऊन टिनं टाकतो.

कायदा नाही असंही नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता काढली. छतातून किती उष्णता आत यावी याची तिच्यात मर्यादा आहे, आकडा १.२. आपला उघडा स्लॅब तीनच्या वर जातो. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी! २५ चौरस मीटरच्या घरकुलाला ती लागू नाही. ज्याला एसी परवडतो त्याच्या छतासाठी नियम, ज्याला पंखाही धड परवडत नाही त्याचं छत वाऱ्यावर.

‘‘पैसा कुठून आणायचा?’’ हे उत्तर मला कार्यालयात मिळालं. ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या योजनेत १ लाख २० हजार मिळतात, राज्याने वरून ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार सौर संचासाठी. राज्यात लाखो घरकुलं मंजूर झाली आहेत. एका घरकुलाच्या छताला चुना मारायला हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला आणि २०१७ मध्ये झोपडपट्टीतली सुमारे ३ हजार छतं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं, सरकारी इमारतींना सक्तीचं. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी दर उन्हाळ्यात देशाच्या यादीत वर असतात, आणि आपण भोंगा फिरवतो.

शेवटच्या हप्त्याआधी घराचा फोटो जिओ-टॅग करून अपलोड करावा लागतो. भिंती दिसतात का, छत दिसतं का, हे अभियंता बघतोच. छत पांढरं आहे का, खिडकीवर दीड फुटाचा सज्जा आहे का, समोरासमोर दोन खिडक्या आहेत का, एवढं बघायला कोणता नवीन विभाग उघडायचा आहे?

काही जण लिहितील की आता झाडं लावा. लावाच. पण कडुनिंब सावली द्यायला दहा वर्षं घेतो आणि आजींचं वय ७० च्या वर आहे. मागच्या वर्षी त्याच वस्तीत मे महिन्यात एक म्हातारे रात्री झोपेत गेले. कागदावर कारण ‘वृद्धापकाळ’ लिहिलं. खोलीत किती अंश होते, कोणी मोजलं नाही. मीही मोजलं नाही, तीन ओळींची निधनवार्ता पाठवली.

सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतोय. मागण्या तीनच. नगर परिषदेच्या सगळ्या शाळांची आणि अंगणवाड्यांची छतं या महिन्यात पांढरी करा. घरकुलाच्या तपासणीत छताचा रकाना टाका. रेल्वे लाईनपलीकडच्या टिनाच्या घरांना तट्ट्या आणि रंग द्या. सही करायला यायचं असेल तर एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर साडेदहाला भेटा. ज्यांना या महिन्यात स्लॅब टाकायचा आहे, त्यांनी मिस्त्रीला घेऊन आधी माझ्या गच्चीवर या, दुपारी दोनला. माझ्या चुन्यावर आणि शेजाऱ्याच्या उघड्या स्लॅबवर अनवाणी उभं राहून बघा.